पंचसूना आणि आजचा गृहस्थ

‘सूना’ या संस्कृत शब्दाचा अर्थ वधस्थान. जिथे जीव मारला जातो ती जागा. आपल्या स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा मोजून दाखविल्या आहेत. चुल्ली म्हणजे चूल, पेषणी म्हणजे जाते-पाटा, उपस्कर म्हणजे केरसुणी वगैरे झाडलोटीचे सामान, कंडनी म्हणजे उखळ-मुसळ आणि उदकुंभ म्हणजे पाण्याचा घडा. गळ्यात तुळशीची माळ असलेला शुद्ध शाकाहारी मनुष्यही या पाच ठिकाणी नकळत हिंसा करीतच असतो. तिच्या परिहारासाठी पंचमहायज्ञ सांगितले. त्यातला भूतयज्ञ म्हणजे मुंगी, पाखरू, गाय, कुत्रे यांचा वाटा आधी काढणे.

आता कोणी म्हणेल, “बुवा, जाते गेले, उखळ गेले, चूल माळ्यावर गेली. मग सूनाही गेल्या की!” नाही हो! त्या आपण फक्त नजरेआड नेऊन ठेवल्या. पूर्वी जात्यात किडा चिरडला तर डोळ्यांना दिसे. आज बटण दाबतो आपण, आणि कोळसा जळतो शंभर कोसांवर. न दिसणारे पाप मनुष्य अधिक बेफिकीरपणे करतो. तेव्हा पाचही जागा एकेक करून तपासू.

१. चुल्ली. लाकडाच्या धुराने किती माउलींचे डोळे आणि छाती गेली, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही शेगडी आली, हे चांगलेच झाले. पण सिलिंडरातला वायूही भूगर्भातलाच, तो पुन्हा भरून येणारा नव्हे. म्हणून डाळ, कडधान्य आधी भिजत घालावे, भांड्यावर झाकण ठेवावे. कुकरची शिटी झाली की आच मंद करावी. आत दाब धरला की पाण्याची उष्णता तेवढीच राहते, मोठ्या आचेने फक्त वाफ वाया जाते. जिथे लाकूडच जाळावे लागते तिथे धुराला वर वाट करून द्यावी. आणि चूल पेटवायला प्लास्टिकचा कागद कधीही घालू नये. तो धूर विषारी असतो.

२. पेषणी. जात्याची जागा विजेने घेतली, म्हणून या सदरात विजेचा हिशेब धरू. आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशावर होते. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावला तर ३० दिवसांत ९ युनिट जळतात. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १.३५ युनिटांत काम भागवतो. देवघरातल्या समईला कोणी हात लावायला सांगत नाही, पण रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणत्या देवाला वारा घालतो?

३. उपस्कर. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात गेले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांच्याकडून हे शिकावे की केर उचलून शेजारच्या दारात टाकणे म्हणजे झाडणे नव्हे. केर दोन ठिकाणी ठेवावा, ओला निराळा व सुका निराळा. ओला कचरा एकात मिसळून कचरा डेपोवर गेला की हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि ढीग पेटतात. घरीच भोके पाडलेल्या डब्यात एक थर भाजीच्या देठांचा, एक थर वाळक्या पानांचा, वर मूठभर माती व थोडे आंबट ताक घालावे. आठवड्यातून दोनदा वरखाली करावे. घाण वास आला तर ओल जास्त झाली असे समजून वाळका पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते, ते तुळशीला घालावे. देवाचे निर्माल्यही यातच जावे. नदीत टाकलेली फुले कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. चंद्रभागेला माता म्हणायचे आणि तिच्या लेकरांचा श्वास कोंडायचा, हे कुठले पूजन?

महाप्रसादाच्या पंगतीचेही असेच. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी झाली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांना मनाई आहे. तरी द्रोणाला आतून चकचकीत पापुद्रा आहे का, ते नखाने पाहावे. असल्यास तो द्रोण मातीत मिळणार नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ मिळते.

४. कंडनी. उखळ हे धान्याचे स्थान, म्हणून इथे अन्नाचा विचार. किलोभर तांदूळ पिकायला हजारो लिटर पाणी लागते. ताटात टाकलेला भात म्हणजे ते सगळे पाणी, शेतकऱ्याचा घाम आणि आपले इंधन, तिन्ही टाकणे होय. ज्वारी-बाजरीला पाणी पुष्कळ कमी लागते. आठवड्यातले चार दिवस भाकरी केली तर वारकऱ्याला अवघड नाही! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, केवळ स्वतःसाठी शिजविणारा पापच खातो, असा अभिप्राय आहे. मग शिजवून फेकणाऱ्याला काय म्हणावे?

५. उदकुंभ. इथे जरा थांबू, कारण आपल्या घरांत एक वाईट चाल आहे. नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतायचे. अहो, जे नळाला आले तेही धरणात महिनोन् महिने साठलेलेच असते! स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातले पाणी एका रात्रीत बिघडत नाही. ओवळ्याची शंका असेल तर ते झाडाला घाला, फरशी पुसा. गळका नळही पाहा. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाचे ८६,४०० थेंब, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांवर पाणी झाले, वर्षाचे दीड हजार लिटर. उलट, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ३० चौरस मीटर छप्पर आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर १५,००० लिटर होतात. पहिली सर वाहू द्यावी, पुढचे पन्हाळीने टाकीत घ्यावे. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण कीर्तनात सांगतो. ती ऐकून डोळे पुसणाऱ्या श्रोत्याच्या अंगणातला नळ मात्र गळत असतो!

शंका दोन उरतात. पहिली, एका घराने काय होणार? आषाढीला वाळवंटात लाखो जमतात, पण वाळवंट घाण करणारा ‘लाखो’ नावाचा कोणी मनुष्य नसतो. एकेक पत्रावळच पडत असते. घाण जशी एकेकाने होते तशी स्वच्छताही एकेकानेच होईल. दुसरी, नामस्मरण असता हा व्याप कशाला? उत्तर असे की नाम मुखाने घ्यावयाचे आहे, त्या वेळी हात मोकळेच असतात. सर्वांभूती भगवद्भाव हा आपल्या पंथाचा सिद्धांत. तो प्रवचनात मान्य आणि मोरीत अमान्य, असे चालत नाही.

तेव्हा एवढे करावे. दर एकादशीला, उपवासाने चूल जराशी विसावली असता, घरच्या मंडळींनी मिळून या पाच जागा पाहाव्या आणि पंधरवड्यात एकच जागा सुधारावी. पाच पंधरवड्यांत पाच सुधारतील. सुरुवात गळक्या नळापासून करावी, कारण तो आजच बंद होतो.

रामकृष्णहरि!