बुटका डोंगर, कडक ऊन : माणदेशात डोंगर चालताना

म्हसवडहून साताऱ्याकडे निघाले की गोंदवले, दहिवडी मागे पडते आणि पुढे महिमानगड दिसू लागतो. सह्याद्रीतले दांडगे गड चढलेल्यांना तो टेकडीच वाटतो. शंभू महादेवाच्या रांगेतले बहुतेक डोंगर असेच आहेत : काळ्या दगडाचे थर एकावर एक, बाजू पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेल्या, माथा सपाट. पायथ्याच्या गावातून वर पोचायला बहुधा तासही लागत नाही. तरीही इथे दमून, चक्कर येऊन बसणारे पाहुणे कमी नाहीत, कारण या डोंगरांची अवघड बाजू उंचीत नाही, पाण्यात आणि सावलीत आहे. महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इकडे पाचशेच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याहून कितीतरी कमी. शिवाय हा डोंगर रिकामा नाही. त्यावरचे गवत कुणाच्या तरी जनावराच्या तोंडचे आहे. पुढचे सगळे करावे-टाळावे या दोन गोष्टींतून आले आहे.

काय करावे

दिवस उजाडताना पायथ्याशी असावे. मार्च ते मे या काळात सकाळी नऊनंतर चढ सुरूच करू नये. मुरूम तापतो, ऊन डोक्यावरून आणि पायाखालून दोन्हीकडून लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. हिरवा माणदेश पाहायचा तर सप्टेंबर. मात्र तेव्हा विजेचे भान ठेवावे लागते. त्याबद्दल पुढे.

पाणी घरून न्यावे, आणि मोजून न्यावे. थंडीत माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. गडावरच्या टाक्यात पाणी असेल या भरवशावर राहू नये. असले तरी ते शेवाळलेले असते, आणि उन्हाळ्यात ते पाखरांचे, जनावरांचे पाणी असते. एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी करून घ्यावे : एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जवळ ठेवायला यापेक्षा स्वस्त औषध नाही. निम्मे पाणी संपले की जिथे असाल तिथून परत फिरावे, मग माथा समोर दिसत असला तरी.

वेळेचा हिशेब आधी करावा. स्कॉटलंडमधला गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२मध्ये सांगितलेला एक सोपा ठोकताळा आजही जगभर वापरतात : सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे येऊन-जाऊन चार किलोमीटर आणि दोनशे मीटर चढ असेल तर जेमतेम सव्वा तास होतो. पण नेस्मिथचा डोंगर थंड आणि ओला होता. आपल्याकडे उन्हासाठी निम्मा वेळ वाढवावा, लहान मुले किंवा साठीच्या पुढची माणसे सोबत असतील तर दुप्पट धरावा. गडाच्या माहितीत दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते, हेही ध्यानात ठेवावे. माणदेशाची जमीन मुळातच दीड हजार फुटांहून वर आहे. प्रत्यक्ष चढ त्यातून उरेल तेवढाच.

गावात थांबून बोलावे. हे सगळ्यांत महत्त्वाचे, म्हणून जरा विस्ताराने. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने कुणालाही डोंगरावर, माळावर जबाबदारीने चालण्याचा हक्क दिला आहे. जमीन कुणाच्या का मालकीची असेना. आपल्याकडे असा कायदा नाही. इथल्या पायवाटा शेताच्या बांधावरून, गायरानातून, वनखात्याच्या हद्दीतून जातात आणि आपण चालतो ते गावाच्या भलेपणावर. म्हणून पारावर बसलेल्या माणसाला राम राम घालावा, कुठून आलो, कुठे चाललो, किती वाजेपर्यंत उतरू, हे सांगावे. “मामा, वरनं पलीकडं वाट जाती का?” एवढे विचारले तरी निम्मी माहिती बसल्या जागी मिळते. “जाती की, पर वर पाणी न्हाई,” असे उत्तर आले तर ते नकाशापेक्षा खरे मानावे. गड, देऊळ, टाके, मधमाश्यांची पोळी, परवा कुठे लांडगा दिसला, हे सगळे तिथेच कळते. आणि काही घडले तर शोधायला येणार तीच माणसे असतात. मोबाइलची रेंज डोंगराच्या एका अंगाला असते, दुसऱ्या अंगाला जाते.

पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी किंवा उपरणे, आणि खाच असलेल्या तळव्याचे बूट वापरावेत. पावसाळा सरला की कुसळी गवताची कुसळे मोज्यांतून आत शिरतात आणि चालणे नकोसे करतात. पँटचे पाय मोज्यांवर घ्यावेत. बोरी-बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार जातो, त्यामुळे चप्पल नकोच.

उतरताना पाऊल आडवे टाकावे. या डोंगरांवर पडणारे लोक बहुतेक उतरताना पडतात. खडकावर मुरमाचा पातळ थर असतो आणि त्यावरचे बारीक खडे गोल असतात. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकावीत. हातात काठी असावी. मेंढक्याच्या हातात ती उगीच नसते.

कळप आला की बाजूला व्हावे. वाटेच्या खालच्या अंगाला उभे राहावे, म्हणजे मेंढरे बिचकून उताराकडे पळणार नाहीत. मेंढक्याचा कुत्रा भुंकत आला तर पळू नये, दगड उचलू नये. जागीच उभे राहून मालकाला हाक मारावी. तो त्याचे काम करतो आहे. ज्यांना या माणसांचे जगणे समजून घ्यायचे आहे त्यांनी निघण्याआधी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ जरूर वाचावी. माडगूळकर पलीकडच्या आटपाडी भागातले, आणि मेंढक्यांची ही वस्ती त्यांनी आतून पाहिलेली आहे.

भाकरी बांधून न्यावी. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गुळाचा खडा. बिस्किटांनी तहान वाढते.

काय टाळावे

चरांवरून चालू नये. उतारावर एका पातळीत खणलेले लांबच लांब चर आणि त्यांच्या खालच्या अंगाला मातीचे बांध दिसतात. ते सलग समतल चर. पाऊस त्यांत थांबतो, मुरतो आणि खालच्या विहिरीला पाणी येते. त्यातले कितीतरी चर गावकऱ्यांनी श्रमदानाने, उन्हाळ्यात पहाटे उठून खणले आहेत. २०१८च्या सत्यमेव जयते वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत राज्यात पहिले आले ते माण तालुक्यातले टाकेवाडी, आणि दुसऱ्या क्रमांकातही याच तालुक्यातले भांडवली होते. त्या बांधावर पाय पडत राहिला की माती ढासळते, तिथे पाणी वाट काढते आणि एका पावसात चर फुटतो. जवळची वाट म्हणून चर उड्या मारत ओलांडणे हे मला सर्वांत वाईट वाटते. वळसा पडला तरी पायवाटेनेच जावे. दगडी बांधातला दगड चूल मांडायलाही उचलू नये.

आग नाही. कसलीच नाही. चूल नाही, शेकोटी नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. दिवाळीनंतर गवत वाळते आणि पावसापर्यंत सगळा डोंगर पेट घ्यायला तयार असतो. वणव्यात गवताबरोबर लावलेली रोपे, चंडोल-तित्तिराची घरटी, सशाची पिले जळतात, आणि उघड्या पडलेल्या उताराची माती पुढच्या पावसात वाहून जाते. राखीव वनात आग लावणे १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हाही आहे. पण कायद्याआधी एवढे आठवावे की २०१२-१३च्या दुष्काळात याच म्हसवडला जनावरे जगवण्यासाठी मोठी चारा छावणी उभी करावी लागली होती. बायाबापड्या जनावरांसह महिनोन् महिने तिथे राहिल्या. ज्या मुलखात गवताची काडी अशी मोजली जाते, तिथे डोंगर पेटवण्याइतका दुसरा गुन्हा नाही.

चराईबंदी, कुऱ्हाडबंदीची पाटी असेल तिथे आपल्याला सूट आहे असे समजू नये. तंबूसाठी फांदी तोडणे, पाटीच्या आत गाडी घालणे, दोन्ही त्यातच आले.

ढग गडगडले की माथ्यावर थांबू नये. एप्रिल-मेचा वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. सपाट, झाड नसलेल्या माथ्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोचण्याइतकी जवळ आहे. लगेच उतरावे. एकट्या हिवराखाली, बुरुजावर, झेंड्याच्या खांबाजवळ किंवा तारेच्या कुंपणाला टेकून उभे राहू नये. उतरणे शक्यच नसेल तर एकमेकांपासून लांब, खोलगट जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये.

मधमाश्यांना छेडू नये. कड्याच्या कपारीत, तटाच्या सावलीत आग्या मोहोळ असते. चढाईच्या दिवशी अत्तर, स्प्रे लावू नये. पोळ्याखाली धूर, फटाके, ड्रोन, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून वाटेनेच लांब पळावे. हात झटकत जागेवर उभे राहणे सर्वांत घातक.

दगड उचकटू नये, फटीत हात घालू नये. फुरसे दगडाखालीच असते आणि ते मातीच्या रंगाचे असते. बसण्यापूर्वी काठीने जागा झाडून घ्यावी.

पाळीव कुत्रा न्यायचा असेल तर साखळी सोडू नये. गाभण मेंढी पळाली की तिचे कोकरू जाते, आणि ते नुकसान एखाद्या घराच्या वर्षाच्या कमाईतले असते.

शिखर शिंगणापूरला यात्रेच्या गर्दीत ‘ट्रेकला’ जाऊ नये. चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढतात. सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड मानकऱ्यांनी त्या खड्या चढावर खांद्यावर आणि एकमेकांच्या आधाराने नेलेली पाहणे हा मोठा अनुभव आहे, पण तो भक्तांचा आणि मानकऱ्यांचा घाट असतो. पाहायला जावे, कावडीच्या वाटेत उभे राहू नये, कॅमेरा घेऊन कड्याच्या टोकावर चढू नये. घाट चालून पाहायचा असेल तर पौष-माघातली एखादी सकाळ धरावी. कोथळ्याच्या बाजूने चढायला लागले की खालचा मुलूख हळूहळू उलगडत जातो. वर पोचल्यावर देवळाइतकाच पुष्कर तलावही पाहावा. मालोजीराजे भोसले यांनी तो यात्रेकरूंच्या पाण्याची सोय म्हणून बांधवला असे मानले जाते. डोंगराची खरी अडचण त्या माणसाला कळली होती.

वारूगडावर उगाच घरांत डोकावू नये. तटाच्या आतच वाड्या-वस्त्या आहेत. आपल्याला तो किल्ला, त्यांना ते अंगण. फोटो विचारून काढावा. तटावर नाव कोरू नये, हे खरे तर लिहावे लागू नये.

बिघडलेच तर

ऊन लागले : डोके दुखते, मळमळते, घाम खूप येतो, तोवर माणूस सावरता येतो. सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी घोट-घोट द्यावे आणि त्या दिवसाची चढाई तिथेच संपवावी. पण तो असंबद्ध बोलू लागला, तोल गेला किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर हा उष्माघात. अंगावर पाणी ओतावे, ओल्या कपड्याने पुसत वारा घालावा, काख आणि मानेवर ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. १०८ला फोन करावा आणि गावात निरोप धाडावा.

पाय मुरगळला : बूट काढू नये, सूज चढली की तो परत पायात जात नाही. दोघांच्या आधाराने उतरावे.

साप चावला : साप मारण्यात, पकडण्यात वेळ घालवू नये; लांबून रंग-आकार पाहिला तरी पुरे. चिरा देऊ नये, विष चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. अंगठी, कडे, पैंजण काढावे. चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला चालवू नये. झोळी करून उतरवावे. चावल्याची वेळ लिहून ठेवावी. मांत्रिकाकडे नाही, प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. निघतानाच तिथे फोन करून प्रतिसर्पविष आहे का ते विचारावे, नसेल तर वाट न पाहता पुढच्या गावाला गाडी काढावी.