पंपांसाठीं रोहित्राची निवड

सटाणा भागांत उन्हाळ कांद्याला पाणी देण्याचे दिवस आले कीं खांबावरील रोहित्र जळाल्याची ओरड ऐकूं येते. दैवास बोल लावण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं थोडा हिशेब करून पाहावा, असें आम्हांस वाटतें.

हें रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब सुमारें ४१५ व्होल्टवर आणतें. त्याची शक्ति केव्हीएंत मोजतात. २५, ६३ व १०० केव्हीए हीं नेहमींचीं मापें होत. पांच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारें ६ केव्हीए घेते; म्हणून ६३ केव्हीएच्या रोहित्रावर अशा मोटरी दहांहून अधिक नसाव्यात.

घरांतील उपकरणें सारीं एकाच वेळीं चालत नाहींत. तेथें बेरजेहून लहान रोहित्र निभावतें. शेतीची वीज मात्र ठराविक तासच मिळते व सारे पंप एकदम सुरू होतात. यास्तव बेरीज पूर्ण धरावी. कागदावर तीन अश्वशक्ति आणि विहिरींत पांच, असें असल्यास हिशेब पांचाचाच करावा.

रोहित्र विहिरींच्या मध्यावर असावें. तार लांबली कीं दाब पडतो, आणि तारेंतील विजेचा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. याच विचारानें महाराष्ट्रांत २०१८ सालीं उच्चदाब वितरण योजना निघाली. तींत एकदोन शेतकऱ्यांस स्वतंत्र लहान रोहित्र देण्याचें ठरलें. प्रत्येक मोटरीस योग्य कपॅसिटर लावल्यासही रोहित्राचा भार हलका होतो.

एकाची लपविलेली अश्वशक्ति दहा जणांचें पीक वाळविते, हें सर्वांनीं ध्यानीं ठेवावें.