पाणी पाजलेली जाळी भट्टीत का वाकते?

प्रश्न : लोहारभट्टीची पोलादी जाळी कोळशाच्या भाराने वाकते. तिला आणखी कडक पाणी पाजले तर टिकेल का? – एक वाचक, वेल्हे

उत्तर : नाही, पाणी पाजून आलेला कडकपणा भट्टीच्या धगीत उतरतो आणि सततच्या भाराखाली तापलेला धातू हळूहळू ताणला जातो, यास ‘विसर्पण’ म्हणतात. त्यामुळे दोष आपल्या कारागिरीचा नाही. सुमारे २५ टक्के क्रोमियम व २० टक्के निकेल असलेले ३१० जातीचे स्टेनलेस पोलाद धगीतही बरेच बळ राखते, तर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर त्याचे पापुद्रे सुटू देत नाही; ते परवडत नसल्यास जाड बिडाची जाळी वापरावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या सळ्या टाळाव्यात, कारण त्यांचा धूर बाधतो. ३०४ व ३१० या स्टेनलेस पोलादाच्या जाती दिसायला सारख्याच असल्याने भोरच्या बाजारात खरेदी करताना बिलावर जात लिहून घ्यावी.