डिकीतला सबवूफर : तोंड कोणीकडे?

प्रश्न : छोट्या हॅचबॅकमध्ये सबवूफर आणि त्याच्या खोक्याच्या पोर्टचे (हवेच्या वाटेचे) तोंड कुठे असावे? – एक वाचक, बंगळुरू

उत्तर : ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे स्विफ्टसारख्या गाडीच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे सबवूफरचा कोन (शंकू) कुठे वळला आहे हे कानाला कळत नाही. महत्त्वाचे असते ते डिकीच्या मागच्या दारापासूनचे अंतर. दारावर आपटून परतलेली लहर मूळ लहरीला भेटते. कोन दारापासून मीटरभर दूर असेल, तर ८६ हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकींना मारतात आणि डग्ग्याचा घुमारा हरवतो. हेच अंतर ३० सेंटिमीटर केले, की आवाजातला तो खड्डा २८० हर्ट्झच्या वर, सबवूफरच्या कक्षेबाहेर जातो. म्हणून कोन आणि पोर्ट दोन्ही मागच्या दाराकडे ठेवणे उत्तम. पोर्टसमोर निदान त्याच्या व्यासाइतकी जागा मोकळी हवी, नाहीतर हवा फुसफुसते आणि ट्यूनिंग खाली सरकते. तोंड वर केल्यास पार्सल ट्रे खडखडतो, शिवाय सामान लागून कोन फाटू शकतो.

तुमच्या बंगळुरूतल्या जे. सी. रोडवर फिटिंग करताना खोका डिकीच्या तळाला पट्ट्यांनी आवळून घ्यावा. त्याआधी ओळखीचे गाणे लावून, खोका फिरवून, चालकाच्या सीटवरून ऐकावे.