अमावास्येचा बस्ता

काल रात्री साडेदहाला तुझ्या आईचा फोन. आवाज असा की मला वाटलं तुझं लग्नच मोडलं. तर म्हणे, "त्या मदुराईकरांनी बस्ता बांधायला अमावास्या काढलीय गं! एवढी शिकलेली माणसं, घरात साधं कॅलेंडर नाही का?"

मी हसले, आणि ते तिला लागलं. म्हणून तुला निवांत लिहितेय.

अगं, कॅलेंडर बघूनच काढलीय त्यांनी. तमिळनाडूत 'निरैंद अमावासै' म्हणतात, भरलेली अमावास्या. पितरांचा दिवस तर आहेच, पण कितीतरी घरांत नवं दुकान, नवी गाडी, नवं काम याच दिवशी सुरू करतात. माझी पहिली स्कूटर सासूबाईंनी मुद्दाम अमावास्येला घरी आणवली. मी पुढचे आठ दिवस ती जीव मुठीत धरून चालवली. त्यांनी चांगला दिवस बघून दिला होता, आणि मला वाटत होतं, ही बाई माझ्या वाईटावर आहे.

सोळा वर्षं झाली मला चेन्नईत. येताना सगळ्यांनी सांबार, इडली आणि भाषा यांचीच भीती घातली होती. त्यांचा त्रास झाला नाही, कारण ते वेगळं असणार हे मी धरूनच चालले होते. मी पडले ती 'अय्या, हे तर आपल्यासारखंच' असं जिथे जिथे म्हटलं तिथे.

पहिली संक्रांत ऐक. आईनं हौसेनं चंद्रकळा पाठवली होती, हलव्याचे दागिने कुरिअरनं आले होते. त्याच दिवशी इथे पोंगल. अंगणात चुलीवर नवं मडकं, त्याच्या गळ्यात ओल्या हळदीचं रोप बांधलेलं, आणि दूध उतू जायची वाट बघत सगळं घर गोल करून उभं. उतू गेलं की 'पोंगलो पोंगल' असं ओरडायचं असतं. नेमकी तेव्हाच मी जिन्यावरून काळी साडी नेसून अवतरले. दूध उतू गेलं, आणि ओरडायचं कुणाला सुचलंच नाही.

सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि पिवळी साडी आणून माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, काय प्रेमानं सणाची साडी देताहेत! मी ती घडी घालून कपाटात ठेवली आणि दिवसभर काळ्यातच मिरवले. रात्री नवऱ्यानं सांगितलं की या घरात सणाला, त्यात नव्या नवरीनं, काळं अंगाला लावत नाहीत. मग मी रडले, मग भांडले. माझ्या आईच्या साडीला अशुभ म्हणतात म्हणजे काय? दोघींचं प्रेम खरं होतं गं, आणि मधला माणूस झोपला होता. पुढच्या वर्षीपासून सकाळी पिवळी नेसते आणि संध्याकाळी इथल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला चंद्रकळा. सासूबाई आता हलव्याचे दागिने मोजून परत डब्यात भरतात.

मधल्या माणसाचं मात्र आताच मनावर घे. सासरच्या बैठकीत दहा मिनिटं बोलणं चालायचं, माझं नाव चारदा यायचं, आणि "काय म्हणाले रे?" विचारलं की हा म्हणायचा, "काही नाही, असंच." तुझाही तेच करणार. वाईट नसतात, आळशी असतात. त्याला सांग, मला चांगलं-वाईट सगळं भाषांतर करून हवं. आणि स्वतः तमिळ शीक, निदान कानापुरतं. मी पहिल्या महिन्यात धाकट्या दिराला सगळे 'तंबी, तंबी' म्हणतात ते ऐकून घाबरले होते, की याला सारखी तंबी का देतात? तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पण घरातून निघताना ती माणसं नुसतं 'जातो' म्हणत नाहीत, 'जाऊन येतो' म्हणतात, हे कळलं तेव्हा मला आपली आजी आठवली. 'जाते' म्हटलं की ओरडायची बघ.

आता आडनावाचं. तुझी आई पहिल्या भेटीत विचारणार, "आपलं आडनाव काय?" तिला आत्ताच अडव. त्यांच्यात बहुतेकांना आडनाव नसतं, नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. मी आपल्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे काय, हरवलं?" हरवलं नाही, टाकलं. 1929 साली चेंगलपट्टूला पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिथे जातिवाचक नावं सोडायचा ठराव झाला, आणि पुढे तिकडे ती सोडलीही पुष्कळांनी. त्यामुळे आपला हा साधा प्रश्न त्यांच्या कानाला 'तुमची जात कोणती?' असा ऐकू येतो. (आणि खरं सांग, आपल्याकडे तरी तो किती साधा असतो?) लग्नानंतर तुझं नाव काय लिहायचं हेही आधीच ठरवून टाक. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नावच आडनावाच्या रकान्यात बसलंय, आणि विमानतळावर मला त्याच्या नावानं हाका मारतात.

तुझ्या नवऱ्याच्या नात्यात एखादीनं सख्ख्या मामाशी लग्न केलेलं निघालं तर डोळे मोठे करू नकोस. माझ्या चुलतसासूबाईंचं तसंच आहे. जुन्या पिढीत ते रीतीचं होतं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते की अनेकांना! सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायचे ते उगाच नाही. तिकडेही सासूला अत्तै, म्हणजे आत्याच म्हणतात.

विधींवरून ताणू नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीनं लग्न लागलं तरी चालतं, त्यामुळे अंतरपाट आधी की ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, आधी हा हौसेचा प्रश्न, कायद्याचा नाही. फक्त ताली बांधताना पहिली गाठ नवरा मारतो आणि बाकीच्या पाठीमागून नणंद, हे आईला सांगून ठेव, नाहीतर भर मांडवात "हिचं मध्ये काय काम?" म्हणेल.

आणि हो, नवरा ओला टॉवेल पलंगावर टाकतो ती तमिळ संस्कृती नव्हे. मी दोन वर्षं तसं समजून सोसलं. माझा भाऊही टाकतो.

तर बस्ता. तुझी आई म्हणाली, दुसऱ्या दिवशी पाडवा, तेव्हा घेऊ. तोंडातून काढू नकोस, तिकडे प्रतिपदा टाळतात. मी कालनिर्णय आणि आमच्याकडचं रोज पान फाडायचं तमिळ कॅलेंडर, दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. द्वितीया सुचव, बुधवार आहे. फक्त बारा ते दीड राहुकाळ, तेव्हा काही घेऊ नका, जेवून घ्या.