सम्यक व्यायाम आणि आत्मविश्वास



आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. कॉलेजात प्राध्यापकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येत असे, पण हात वर होत नसे. शेजारचा विद्यार्थी तेच उत्तर देऊन शाबासकी घेई. आज मी शिक्षक आहे आणि वर्गातल्या मागच्या बाकावर तोच न उठणारा हात मला दिसतो. उत्तर येते, पण धीर होत नाही. हा धीर कोठून येतो, हे आज पाहू.

आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे.

आपण ही गोष्ट बहुधा येथेच संपवतो. महाराजांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण रोज सकाळी चूल पेटवायला महाराज येत नव्हते. ज्या हाताने पाण्याला शिवले म्हणून मार बसला, त्याच हाताने केलेला चहा भर रस्त्यावर विकायला किती धैर्य लागले असेल, याचा विचार करा. महाराजांनी संधी दिली. आत्मविश्वास मात्र गंगारामांना स्वतःच कमवावा लागला. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. पुढे नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यास याच गंगारामांनी पुढाकार घेतला. घेणारा हात देणारा झाला.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायामाला स्थान आहे. व्यायाम म्हणजे येथे मनाचा योग्य प्रयत्न. तो चार प्रकारचा आहे: न उपजलेला अकुशल विचार उपजू न देणे, उपजलेला टाकणे, न उपजलेला कुशल विचार उपजविणे आणि उपजलेला जतन करून वाढविणे.

'हे आपल्याच्याने होणार नाही' हा विचारही अकुशलच. तो आपण जन्माबरोबर आणलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो आपल्यावर लादला गेला. म्हणूनच तो टाकता येतो.

26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत 50 टक्के जागा राखल्या. पुढे संविधानाने हक्क दिले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी पूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा देऊन नवी ओळख दिली. परंतु ओळख कागदावर बदलली आणि मन मागच्याच बाकावर बसून राहिले, तर उपयोग काय?

म्हणून या पंधरवड्यात एवढाच अभ्यास करा. जे काम येत असूनही भीतीने टाळता, असे एकच निवडा. सभेत दोन शब्द बोला, कचेरीत आपला अर्ज स्वतः द्या, वर्गात हात वर करा. चुकले तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. घरातल्या मुलाला 'गप्प बस' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. गंगारामांनीही पहिल्या दिवशी एकच चूल पेटवली होती.

जय भीम.