विद्यापीठ बदलावे काय? बदलायचे तर कोठे?

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या शाळेच्या कार्यालयात माजी विद्यार्थ्यांची ये-जा वाढते. दहावीनंतर येथून बाहेर पडलेली मुले-मुली आता पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला असतात. हातात गुणपत्रिकांची फाईल असते, सोबत आई, मामा किंवा थोरला भाऊ असतो, आणि थोडे इकडचे-तिकडचे बोलून झाले की प्रश्न येतो : "गुरुजी, येथे मन लागत नाही. पुण्याच्या कॉलेजात जाऊ का?" या प्रश्नाला आम्ही आजवर जी उत्तरे दिली, त्यांतील काही बरोबर ठरली, एक-दोन चुकली. पालकांना व माजी विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे मांडीत आहोत.

आपल्या भागात विद्यापीठ बदलणे ही गोष्ट नवी नाही. 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा वऱ्हाडातील महाविद्यालयांचे विद्यापीठ जागच्या जागी बदलले. इमारत तीच, प्राध्यापक तेच, गुणपत्रिकेवरचे नाव मात्र वेगळे. त्या विद्यापीठाला पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. बाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले होते. त्या बदलात विद्यार्थ्याला काही ठरवावे लागले नाही. आज जो विद्यार्थी बदल मागतो, त्याला सर्व काही स्वतः ठरवावे लागते, आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

बाबासाहेबांचे उदाहरण या बाबतीत नीट वाचण्यासारखे आहे. 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 साली एम.ए. झाले आणि 1916 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. हे आपण सर्वजण जाणतो. ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते असे की, परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून उसने घेऊन ते 1920 साली पुन्हा लंडनला गेले; 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. त्यांचे शिक्षण पदवीनंतरचे होते आणि काळही वेगळा होता, हे खरे. तरीही जागा सोडताना परतीची वाट कागदावर पक्की करून ठेवणे, ही गोष्ट आजच्या बी.ए.च्या मुलालाही तशीच लागू आहे.

हे आम्ही इतक्या आग्रहाने सांगतो, कारण येथेच आमची चूक झाली होती. काही वर्षांपूर्वी कला शाखेचा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षासाठी मोठ्या शहरात जाऊ इच्छीत होता. तेथील महाविद्यालयाने तोंडी होकार दिला होता. "आधी येथला दाखला काढून घे, म्हणजे धावपळ नको," असे आम्हीच त्याला सांगितले. त्याने महाविद्यालय सोडल्याचा दाखला काढला, विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही काढले, आणि तेथे गेल्यावर जागा भरल्याचे कळले. परत आला तेव्हा येथले प्रवेशही संपलेले. त्याचे पूर्ण वर्ष गेले. त्या वर्षी तो वडिलांबरोबर सोयाबीनच्या मळणीला जात होता. आम्हाला भेटला तेव्हा त्याने तक्रार केली नाही, हेच आम्हाला अधिक लागले. तेव्हापासून आमचा सल्ला ठाम आहे : नव्या महाविद्यालयाचे प्रवेश देण्याविषयीचे लेखी पत्र हाती आल्याखेरीज जुन्या महाविद्यालयाच्या दाखल्याला हात लावू नये.

आता श्रेयांकांचा हिशेब. 2024-25 पासून आपल्याकडील महाविद्यालयांतही नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. एका सत्राचे 20 ते 22 श्रेयांक, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीचे 120 ते 132 आणि चार वर्षांच्या पदवीचे 160 ते 176. हे श्रेयांक 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मधील आपल्या खात्यात जमा होतात व दुसऱ्या संस्थेकडे नेता येतात. यावरून अनेकांचा समज झाला आहे की आता केव्हाही, कोठेही जाता येते. तसे नाही. जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीत निम्मे म्हणजे किमान 60, आणि 60 श्रेयांकांना तीन सत्रे लागतात. दोन वर्षे येथे काढून केवळ तिसऱ्या वर्षासाठी बाहेर गेल्यास तेथे दोनच सत्रे मिळतील. म्हणजे 40 ते 44 श्रेयांक. हिशेब बसत नाही. जायचेच तर पहिल्या वर्षाच्या शेवटी जावे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास दुसऱ्या वर्षाच्या शेवटीही जाता येईल.

श्रेयांक जुळले तरी विषय जुळावे लागतात. नवे विद्यापीठ दोन्ही अभ्यासक्रम समोर ठेवून समकक्षता पाहते, पात्रता तपासते, आणि एखादा विषय येथे शिकविलाच गेला नसेल तर तो तेथे जास्तीचा द्यावा लागतो. मागील सत्रातील विषय राहिलेला असेल तर अडचण वाढते. म्हणून अर्जाच्या आधी दोन्हीकडचे छापील अभ्यासक्रम मिळवून, मुलाने स्वतः ओळीने वाचावेत. हे काम मामाने किंवा आम्ही करून उपयोग नाही.

पैशाचा भाग पालकांनी पाहावा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एका टप्प्याचे शिक्षण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयासाठी पुन्हा लाभ मिळत नाही. त्यामुळे बी.एस्सी. सोडून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे. शासकीय वसतिगृहात दुसऱ्या वर्षाला जागा रिक्त असेल तरच मिळते. ती न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची मूळ रक्कम मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये, त्याखालच्या महानगरांत 51,000 आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 अशी ठरली होती. 60,000 ला बारा महिन्यांनी भागले तर 5,000 येतात. पुण्यात खोली आणि खानावळ त्यात बसते काय, हे ज्याचे भाऊबंद तेथे आहेत त्याने त्यांनाच विचारावे. शिवाय रक्कम दरमहा हाती येत नाही. पहिले काही महिने घरच्याच पैशावर काढावे लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : जावे की न जावे? आम्ही विद्यार्थ्याला एकच विचारतो. जे येथे खुपते आहे, त्यातले तेथे गेल्यावर काय उरेल? विज्ञान शाखेची एक मुलगी अकोल्याहून पुण्याला जाण्याचा हट्ट धरून आली होती. बराच वेळ बोलल्यावर कळले की तिला गणित जमत नव्हते आणि वर्गात विचारण्याचा संकोच होता. गणित पुण्यातही तेच असणार होते. ती राहिली, मैत्रिणीकडून गणित शिकली, आणि पदवीनंतर एम.एस्सी.ला बाहेर गेली. पदवी पुरी करून मग विद्यापीठ बदलणे हा मार्ग आपल्या मुलांना फारसा सुचत नाही. आमच्या मते बहुतेकांसाठी तोच बरा आहे. त्यात श्रेयांक अडकत नाहीत आणि नवा प्रवेश उघड गुणवत्तेवर होतो.

परंतु याउलटही सांगितले पाहिजे. हवा असलेला विषयच येथे नसेल, प्रयोगशाळा नावापुरती असेल, किंवा मुलीला वर्गात जातीवरून टोचून बोलले जात असेल आणि तक्रारीचा उपयोग होत नसेल, तर "सहन कर, दोनच वर्षे राहिली" असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि पालकांनाही नाही. अशा वेळी जावे, आणि घराने पाठीशी उभे राहावे.

कोठे जावे, याचे उत्तर दर वेळी पुणे नसते. अमरावतीचे दुसरे महाविद्यालय, नागपूर, किंवा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने उभारलेला औरंगाबादचा नागसेनवनाचा परिसर हेही पर्याय आहेत. त्याच विद्यापीठातील दुसऱ्या महाविद्यालयात गेल्यास स्थलांतर प्रमाणपत्र व समकक्षता यांचा प्रश्नच उरत नाही. अर्ज करण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. सुट्टीच्या दिवशी नव्हे, तास चालू असताना. ग्रंथालयात बसावे, वसतिगृहातील मुलांशी जेवताना बोलावे. मूर्तिजापूरहून रात्रीच्या गाडीने निघालेला विद्यार्थी दोन दिवसांत हे सर्व पाहून परत येऊ शकतो, आणि त्या प्रवासाचा खर्च कोणाच्या घरी अडत असेल तर त्याने शाळेच्या कार्यालयात येऊन तसे सांगावे.